गाविया घाटातील बर्फ आणि सायकलस्वाराचे कपडे

१९८८ सालच्या ५ जूनला उत्तर इटलीतील गाविया घाटात बर्फ पडत होता. युरोपातही जून हा उन्हाळ्याचाच महिना. 'जिरो दि'तालिया' ही तीन आठवडे चालणारी सायकल शर्यत त्या दिवशी चौदाव्या टप्प्यावर होती. कियेझा इन व्हालमालेन्को ते बोर्मियो हे अंतर अवघे १२० किलोमीटर, पण वाटेत गाविया उभा होता. त्याच्या माथ्याची उंची २६२१ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर जास्त. रस्ता अरुंद होता आणि बराचसा कच्चा. वर पाऊस संपून बर्फ सुरू झाला आणि रस्त्याचा चिखल झाला.

घाटमाथ्यावर सर्वांत आधी पोचला तो योहान व्हान डर व्हेल्डे हा डच सायकलस्वार. त्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांची जर्सी होती. चढ जिंकल्यावर पुढे नुसता उतार, बोर्मियोपर्यंत सुमारे २५ किलोमीटर. पेडलही मारायला नको. या उतारानेच त्याचा घात केला. थोडे अंतर उतरल्यावर गारठ्याने त्याला थांबावे लागले, आसरा घ्यावा लागला, आणि तो बोर्मियोला पोचला तेव्हा विजेत्याला येऊन पाऊण तास उलटून गेला होता. टप्पा जिंकला एरिक ब्रोइकिंकने. त्याच्यामागे अवघ्या सात सेकंदांनी आलेल्या अँडी हॅम्प्स्टन या अमेरिकन खेळाडूला त्या दिवशी आघाडीची गुलाबी जर्सी मिळाली आणि पुढे संपूर्ण शर्यतही त्यानेच जिंकली. जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकन.

डोंगर तोच, बर्फ तोच, रस्ता तोच. एक जण चढावर सर्वांच्या पुढे असूनही उतारावर गोठतो आणि दुसरा तग धरतो, यात अंगच्या ताकदीचा वाटा असतोच. पण त्या दिवशी कोणी काय घातले होते याचाही वाटा फार मोठा होता. थंडीत सायकल चालवताना काय घालावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. आम्हालाही तो तसाच वाटत होता. त्याचा इतिहास पाहू लागल्यावर मात्र दक्षिण ध्रुवापासून पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत हिंडावे लागले.

प्रथम हिशेब पाहू. चांगला सायकलस्वार घाट चढताना पेडलवर सुमारे ३०० वॅट शक्ती लावतो. आपले स्नायू यंत्र म्हणून फारसे काटकसरी नाहीत. अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा कामी येते, बाकीची उष्णता होते. म्हणजे चढावर हा माणूस सुमारे १००० वॅटची शेगडी असतो. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर घाम काढते, आणि बाहेर बर्फ पडत असला तरी आतली बनियन ओली होते. माथा आला, पाय थांबले, की तीच शेगडी १०० ते १५० वॅटवर येते. दुसऱ्या बाजूला वेग ताशी १० किलोमीटरवरून ६० वर जातो. हवा स्थिर असली तरी सायकलस्वाराला हा सगळा वाराच आहे. अभिसरणाने जाणारी उष्णता ढोबळ मानाने वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग सहापट झाला की ती अडीचपट होते. मिळकत आठव्या हिश्श्यावर आणि खर्च अडीचपट, अशी ही स्थिती एका मिनिटात येते.

यात ओल्या कपड्यांची भर पडते. त्वचेच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. १०० ग्रॅम पाण्याला २४० किलोज्यूल. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोस सुमारे ३.५ किलोज्यूल धरली, तर सबंध शरीर एक अंशाने थंड व्हायला २४५ किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे कपड्यांतले अर्धी वाटी पाणी अंगाच्या उष्णतेवर वाळले, तर सबंध माणूस एक अंशाने निवेल. शरीर कुडकुडून उष्णता निर्माण करते आणि थोडी उष्णता हवेतूनही येते, म्हणून प्रत्यक्षात घट इतकी होत नाही. पण शरीराच्या गाभ्याचे तापमान ३७ वरून ३५ अंशांवर आले की वैद्यकशास्त्र त्याला धोक्याची अवस्था मानते, हे लक्षात घेतले की भिजलेल्या जर्सीतल्या पाण्याचे महत्त्व कळते.

सायकलस्वारांना हे गणित माहीत नव्हते. त्यांनी ते अंगावर काढले. लांब पल्ल्याच्या शर्यतींना उंच घाटांची ओढ लागली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, जिरो १९०९ मध्ये, आणि १९१० मध्ये टूरने पिरेनीज पर्वतातला २११५ मीटर उंचीचा तुर्माले घाट मार्गात घेतला. त्याच वर्षी ३ एप्रिलला मिलान–सान रेमो शर्यतीत तुर्किनो घाटावर हिमवादळ झाले. यूजीन क्रिस्तोफ हा फ्रेंच खेळाडू पोटात कळा येऊन रस्त्याकडेला थांबला. एका स्थानिक माणसाने त्याला जवळच्या खाणावळीत नेले. तिथे त्याचे ओले कपडे काढून त्याला घोंगडीत गुंडाळले. काही वेळाने त्याने लांब विजार चढवली आणि तो पुन्हा निघाला. बारा तासांहून अधिक सायकल चालवून तो पहिला आला. शर्यत पूर्ण करणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. त्यानंतर क्रिस्तोफला सुमारे महिनाभर रुग्णालयात राहावे लागले. १९१९ मध्ये टूरची पिवळी जर्सी सुरू झाली तेव्हा ती प्रथम घालण्याचा मान मिळालेला क्रिस्तोफ तो हाच.

त्या खाणावळीत नकळत जे घडले ते शास्त्रशुद्ध होते. आधी ओले काढले, मग कोरडे घातले, आणि उघडे पाय झाकले.

त्या काळी जर्सी लोकरीची असे. लोकरीची निवड कोणी प्रयोगशाळेत केलेली नव्हती, पण ती चुकीची नव्हती. लोकरीचा धागा कुरळा असतो, त्यामुळे कापडात हवा अडकते, आणि ऊब देते ती ही अडकलेली हवाच. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी धाग्याच्या आत वाफेच्या रूपाने शोषते आणि तरी हाताला फारशी ओली लागत नाही. वाफ शोषली जाताना उष्णता बाहेर पडते, म्हणून कोरडा लोकरी कपडा घालून दमट थंडीत गेले तर काही काळ तो थोडी जास्तच ऊब देतो. सुती कापडाचे तसे नाही. सूतही पाणी भरपूर घेते, पण ओले झाले की ते अंगाला चिकटते आणि त्यातली हवा निघून जाऊन तिथे पाणी येते. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट आहे. लोकरीचा दोष असा की पावसात ती पूर्ण भिजली की फार जड होते, आणि तिच्यातून वारा आरपार जातो.

या वाऱ्यावर सायकलस्वारांनी शोधलेला उपाय आम्हाला सर्वांत आवडला. घाटमाथ्यावर उभे असलेले प्रेक्षक त्यांच्या हाती वर्तमानपत्र देत आणि ते घडी करून जर्सीच्या आत छातीवर सरकवून खेळाडू उतार उतरत. ही प्रथा अनेक दशके चालली. टूर द फ्रान्स 'लोतो' या वर्तमानपत्राने सुरू केली, जिरो 'गाझेता देल्लो स्पोर्त'ने; एकाचा कागद पिवळा, दुसऱ्याचा गुलाबी, आणि आघाडीवीरांच्या जर्सींचे रंगही तेच. ज्या कागदाने शर्यत जन्माला घातली तोच छातीवर ढालीसारखा आला! कागद वारा अडवतो, घड्यांमध्ये हवा धरतो, थोडा घाम शोषतो, आणि खाली पोचल्यावर फेकून देता येतो. वजन जवळजवळ नाही. वारा समोरून येतो म्हणून तो फक्त समोर लावला तरी पुरते. हिवाळ्यात पहाटे स्कूटरवर निघणारी आपल्याकडची मंडळीही स्वेटरच्या आत असाच कागद घालतात, तेव्हा त्यांना कोणी हे शिकवलेले नसते.

वाऱ्याची थंडी मोजायची कशी, याचे उत्तर मात्र अंटार्क्टिकातून आले. पॉल सिपल हा अमेरिकन तरुण १९२८ मध्ये बालवीर म्हणून बर्ड यांच्या मोहिमेबरोबर तिथे गेला होता. पुढे तो भूगोलाचा संशोधक झाला आणि १९३९ ते १९४१ च्या मोहिमेत चार्ल्स पॅसेल यांच्यासह त्याने अगदी साधा प्रयोग केला. प्लास्टिकच्या लहान नळकांड्यात २५० ग्रॅम पाणी भरून ते उघड्यावर टांगायचे आणि निरनिराळ्या तापमानांना, निरनिराळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे. १९४५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 'वाऱ्याची थंडी' ही कल्पना हवामानखात्यांत रुजली. नळकांड्याला कपडे नव्हते आणि पोटात शेगडीही नव्हती, त्यामुळे जुना निर्देशांक थंडी जरा फुगवून सांगे. २००१ मध्ये टोरोंटो येथे स्वयंसेवकांना वातबोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावरून मोजमापे घेतली गेली आणि अमेरिका व कॅनडा यांनी नवे सूत्र स्वीकारले. या सूत्रानुसार शून्य अंश तापमानाला ताशी १५ किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला तो उणे ४ अंशांसारखा, आणि ताशी ६० किलोमीटर असेल तर उणे ९ अंशांसारखा लागतो. हे आकडे कोरड्या कातडीसाठीचे आहेत हे विसरू नये.

हाताच्या बोटांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. शरीर गारठले की मेंदू, हृदय यांना सांभाळण्यासाठी ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते. बोटे लहान आणि निमुळती, म्हणजे आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा. त्यांची त्वचा साधारण १५ अंशांखाली गेली की हालचाली बोजड होतात आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. सायकलस्वाराचे ब्रेक त्याच्या बोटांत असतात. २० एप्रिल १९८० रोजी बेल्जियमच्या लिएज–बास्तोन्य–लिएज शर्यतीत बर्फ पडला. १७४ जण निघाले आणि २१ जणांनी शर्यत पूर्ण केली. फ्रान्सचा बर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक अंतराने जिंकला, पण त्याची दोन बोटे कायमची अधू झाली. तो विजय शौर्यकथा म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो हातमोज्यांचा पराभव म्हणूनही सांगायला हरकत नाही.

१९८० साली उत्तम हातमोजे उपलब्ध नव्हते असे मात्र नाही. ते दुसऱ्याच दुकानात होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर हे दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पावर होते. १९५१–५२ च्या सुमारास त्यांनी पाणबुड्यांच्या पोशाखाचा विचार सुरू केला. तोवर सर्वांचा प्रयत्न पाणी आत येऊ न देण्याचा होता. ब्रॅडनर यांचे म्हणणे असे की माणूस भिजला तरी चालेल, कारण ऊब देतो तो कापडातला वायू. तो वायू पाण्याला बाहेर ढकलता येणार नाही अशा बंद बुडबुड्यांत कोंडला की झाले. नियोप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसात असे बंद बुडबुडे असतात. त्यातून ओला राहूनही गरम राहणारा पोशाख निघाला. समुद्रात उतरणाऱ्यांना तो लगेच पटला. सायकलस्वारांना तो कळायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

इतर धाग्यांच्या बाबतीतही असेच झाले. ज्या मिलानहून सान रेमोची शर्यत निघते त्याच शहरात १९५४ मध्ये जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीनचे सुबक रेणू बनवले, आणि १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासह मिळाले. हा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम कातडीवरून उचलला जाऊन कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि अंगालगतचा थर त्या मानाने कोरडा राहतो. १९७० नंतर त्याच्या बनियनी थंड प्रदेशातले खलाशी आणि बर्फावर घसरणारे खेळाडू वापरू लागले. अमेरिकेत १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा तापवलेला दांडा हळूहळू ताणून पाहिला, तो तुटे. चिडून एकदा जोरात हिसका दिला, तर तो अनेक पटींनी लांबला आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. पाण्याचा थेंब या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. 'गोर-टेक्स' म्हणून हे कापड १९७६ पासून बाजारात आले. याची जाहिरात जितकी होते तितका विश्वास आम्ही ठेवणार नाही. वाफ बाहेर जाते ती आत बाष्पदाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच. मुसळधार पावसात बाहेरचे कापड भिजले, की घाम आतच साचतो. घाट चढताना ताशी लिटरभर घाम गाळणाऱ्या माणसाला कोणतेही कापड पुरे पडत नाही. त्याने चेन उघडलेली बरी.

हे सगळे १९८८ च्या जूनमध्ये गावियाच्या पायथ्याशी एकत्र आले. हॅम्प्स्टन नॉर्थ डकोटा या कडाक्याच्या थंडीच्या राज्यात वाढलेला. त्याच्या संघाच्या व्यवस्थापकांनी सकाळी हवामानाचा रंग पाहिला आणि बर्फातल्या खेळांच्या दुकानांतून मिळतील ते गरम कपडे विकत घेतले. ते पिशव्यांत भरून माथ्याच्या थोडे अलीकडे उभ्या केलेल्या माणसांकडे ठेवले, सोबत गरम चहा. हॅम्प्स्टनने चढावर कपडे कमी ठेवले, पण नियोप्रीनचे हातमोजे काढले नाहीत. माथ्याजवळ केसांतले पाणी पुसायला हात फिरवला, तर बर्फाचा गोळा पाठीवरून घरंगळला, असे त्याने पुढे सांगितले आहे. मग त्याने पिशवीतली लोकरीची टोपी आणि वरचे जाकीट चढवले आणि तो उतरू लागला. खेळाडूंनी सकाळी अंगाला लॅनोलिन, म्हणजे लोकरीची चरबी, चोळली होती, असेही सांगतात. चरबीचा तो पातळ थर उष्णता फारशी अडवत नाही. पाणी कातडीला भिडू देत नसेल, एवढाच त्याचा उपयोग. आमच्या मते त्या दिवशीची खरी करामत कपड्यांपेक्षा ते कोठे द्यायचे हे ठरवण्यात होती. तेच कपडे पायथ्याशी घातले असते तर माथ्यावर पोचेपर्यंत ते आतून घामाने भिजले असते.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, गावियाचा टप्पा खराब हवेमुळे रद्द करावा लागला. २०१३ मध्ये तुर्किनो घाटावर पुन्हा बर्फ पडला तेव्हा मिलान–सान रेमोचे खेळाडू बसमध्ये घालून पुढे नेण्यात आले. क्रिस्तोफला हे कसे वाटले असते कोण जाणे! २०१६ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने टोकाच्या हवेसाठी नियमावली लागू केली असून बर्फ, अतिथंडी, अतिउष्णता अशा प्रसंगी मार्ग बदलणे किंवा टप्पा रद्द करणे यांचा विचार त्यानुसार होतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण भिजलेले सूत आणि उताराचा वारा पावसाळ्यात सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात भेटतात. तापमान वीस अंश असूनही मुले कुडकुडतात ती यामुळेच. वर्गात हे दाखवायला सोपे आहे. सारख्या आकाराच्या चार बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरावे. एक उघडी ठेवावी, दुसरीला कोरडे सुती कापड गुंडाळावे, तिसरीला तेच कापड ओले करून आणि चौथीला ओल्या कापडावर प्लास्टिकची पिशवी चढवून. टेबलपंख्यासमोर सारख्या अंतरावर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावे आणि आलेख काढावा. नुसत्या ओल्या कापडाची बाटली सर्वांत आधी निवते, माठातल्या पाण्यासारखीच. पिशवीखालची बाटली कोरड्या कापडाच्या बाटलीची बरोबरी करत नाही, पण तिच्याहून बरीच मागेही पडत नाही. मग तिसऱ्या बाटलीवर वर्तमानपत्राची जाड घडी बांधून प्रयोग पुन्हा करावा, एकदा फक्त पंख्याच्या बाजूला आणि एकदा फक्त मागच्या बाजूला. कोणत्या वेळी फरक जास्त पडेल, हे विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्यावे.